संध्याकाळी कुठे जायचंय?

अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात दुर्बिणीने जठर तपासणारा डॉक्टर पोटाआधी प्रवासाची चौकशी करतो. "मावशी, सोबत कोण आलंय? परत कशा जाणार?" मावशी दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरलेल्या, रात्रीपासून उपाशी. त्यांचं एकच म्हणणं: "गुंगी द्या, मला काही कळायला नको."

मागणी रास्त आहे. नळी करंगळीएवढीच, पण घशाशी टेकली की उमासा येतोच. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध शिरेतून दिलं की दोन-तीन मिनिटांत डोळे जड होतात आणि पुढचं बहुतेकांना आठवत नाही. अडचण तिथेच आहे. उठल्यावर मावशी नीट बोलतात, चहा मागतात, पण सांगितलेलं पथ्य घरी पोचेपर्यंत विसरतात. म्हणून सूचना सोबतच्या माणसाला द्यायच्या, त्याही लिहून. २४ तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही-अंगठा नाही, एकटीने बोटीत चढायचं नाही.

मिडाझोलामवर उतारा आहे, फ्लुमाझेनिल. पण त्याचा अंमल आधी ओसरतो आणि माणूस पुन्हा पेंगू शकतो. शेवटची बोट सुटतेय म्हणून उतारा देऊन कुणाला जेट्टीवर धाडता येत नाही.

खलाशाला रात्री समुद्रावर जायचं असेल, तर गुंगी नाहीच: घसा बधिर करणारा लिग्नोकेनचा फवारा, डावी कूस, दातांत माउथगार्ड आणि खांद्यावर सिस्टरचा हात. "दादा, लाळ गिळू नका, वाहू द्या." पाच-दहा मिनिटांत तपासणी आटोपते. बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ साली अमेरिकेत आपली लवचीक फायबर-दुर्बीण रुग्णाआधी स्वतःच्या घशातून उतरवली होती. तातडी नसेल तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीतली तारीख द्यावी, म्हणजे गुंगीही निर्धास्त देता येते. काळी शौच, घास अडकणं, वजन उतरणं असेल तर मात्र थांबायचं नाही.

खरी कसोटी काट्याची. पाला माशाचा काटा अन्ननलिकेत रुतला की घरचे भाताचे गोळे गिळायला लावतात. काटा आणखी रुततो, शिवाय पोट भरतं. भरल्या पोटी गुंगी दिली तर उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती. मग भूलतज्ज्ञ बोलवावा लागतो, कधी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. अणकुचीदार काटा शक्यतो दोन तासांत, फार तर सहा तासांत काढावा, असं युरोपीय तज्ज्ञसंघटनेचं मार्गदर्शन आहे. म्हणून फोन आला की डॉक्टर आधी हेच बजावतो: भात नाही, केळं नाही, पाण्याचा घोटही नाही, ताबडतोब निघा.