पोटखराब्यातील जीवसृष्टी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील वन्य जीवांचा प्रश्न निघाला की बोलणे तानसा अभयारण्याच्या हद्दीपाशी येऊन थांबते. परंतु शेतीतील प्राण्यांचा अभ्यासक म्हणून या प्रदेशात वावरताना माझे असे ठाम मत झाले आहे की, ज्या बांधांची, ओघळींची आणि खडकाळ तुकड्यांची महसुली दफ्तरात ‘पोटखराबा’ म्हणून नोंद होऊन ज्यांवर कधी आकारणी बसली नाही, त्यांच्याच आधाराने येथील जीवसृष्टीचा मोठा भाग आजवर जगत आला आहे.

जुन्या भातशेतीत खाली पाणी धरणारी खाचरे आणि वर उतारावर वरकस अशी जोडी असे. वरकसावर नाचणी-वरी काही वर्षे घेऊन ती जमीन विसाव्याला सोडीत, आणि ऐनाची टहाळे उतरवून, शेण व पातेऱ्यासह रोपाच्या जागी पसरून, उन्हाळ्यात राब भाजीत. या राबापायी रयत आणि जंगलखाते यांच्यात इतका तंटा माजला की, १८८५ साली नेमलेल्या मुंबई फॉरेस्ट कमिशनला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी ऐकावी लागली. राब निरुपद्रवी होता असे मी म्हणणार नाही. त्या आगीत पातेऱ्यातील कीटक आणि सरपटणारे जीव होरपळत. तथापि पडीक वरकसावर ससे, लावे, घोरपडी यांना आसरा मिळे आणि जुन्या झाडांच्या ढोल्यांत पिंगळे घर करीत.

खाचरांचे औदार्य याहून मोठे. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात गाभोळीने भरलेले मासे ओढ्याच्या धारेविरुद्ध चढून उथळ, कोमट खाचरांत अंडी घालण्यास येतात, त्यालाच वलगण म्हणतात. त्याच सुमारास मोठे बेडूक पिवळेधमक होऊन ओरडू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग दिवड आणि बगळे येतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली, ते योग्यच झाले. पण खाचरात ओतले जाणारे विष त्या बंदीने थांबले नाही. खेकडा बांधाला बीळ पाडतो, पाणी निसटते, आवणी केलेले रोप सुकते, हे शेतकऱ्याचे दुःख खरे आहे, आणि म्हणूनच शिजवलेल्या भातात औषध कालवून त्याच्या गोळ्या बिळांत टाकण्याची चाल पडली. भातशेतीचे पाणी मात्र वरच्या खाचरातून खालच्या खाचरात आणि तेथून ओढ्यात उतरत जाते. त्यामुळे एका खातेदाराने टाकलेले औषध खालच्या साऱ्यांच्या वाट्याला येऊ शकते, आणि पावसाळ्यात ज्यांचे कालवण खेकडे-मासळीवर चालते त्या कातकरी-ठाकूर वाड्याही त्यातून सुटत नाहीत. भात निघाल्यावर भेंडी-काकडीचा मळा केला की फवारणी उन्हाळ्यापर्यंत चालू राहते.

हे विष अभयारण्याच्या हद्दीपाशी थांबत नाही, यासाठी रान पिंगळ्याचे उदाहरण घ्यावे. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे हा पक्षी शास्त्रज्ञांना सापडलाच नव्हता. १९९७ साली पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो उत्तर महाराष्ट्रात दिसला आणि २०१४ साली आपल्या तानशात त्याची नोंद झाली. सरडे, उंदीर आणि मोठे किडे हे त्याचे भक्ष्य, आणि विरळ रान ही त्याच्या शिकारीची जागा. विष खाऊन मंदावलेला उंदीर अभयारण्याच्या हद्दीवर सापडला काय किंवा बांधावर, त्या पक्ष्याला सारखाच.

भातशेतीची रीत बदलण्याचे प्रयत्नही झाले आहेत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणलेल्या भातलागवडीच्या सगुणा पद्धतीत नांगरणी, चिखलणी आणि आवणी टळते, जुन्या पिकाची मुळे गादीवाफ्यातच राहतात आणि गांडुळे वाढतात. राबाची गरजही उरत नाही. ही मोठी प्राप्ती होय. परंतु तिच्यात तणनाशकावर जो भर आहे तो मला मान्य नाही, आणि त्यावर तोड निघेपर्यंत निदान ओढ्याकाठच्या शेतांत ते वापरू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. शहापूर-मुरबाडच्या पंचायतींनी आपल्या नोंदवहीत गावचे बांध, ओघळ, वरकस आणि वलगणीच्या वाटा गटनंबरांसह लिहून घ्याव्यात, आणि सपाटीकरणाचे यंत्र शिवारात उतरण्यापूर्वी ती नोंदवही उघडून पाहावी.