मुंबईतील बिऱ्हाडे आणि भाड्याचा वाटा

मुंबईस जावयाचे म्हटले की पुण्याच्या माणसास प्रथम आठवतो समुद्र, त्यानंतर तेथील नातेवाईक, आणि सर्वांच्या शेवटी हे की, त्या नातेवाइकांकडे उतरावयास जागा नाही. गेल्या आषाढात माझ्या धाकट्या बहिणीने जी कामगिरी मजवर सोपविली, ती या जागेच्या प्रश्नातूनच निघालेली होती. तिचा मुलगा नोकरीनिमित्त गोरेगावास राहतो. सोबत दोन मित्र, एक नागपूरकडचा व एक सांगलीचा. घराचे भाडे महिना ६०,००० रुपये. निजण्याच्या खोल्या दोन, एक दिवाणखाना, आणि माणसे तीन. वीस-वीस हजारांचे तीन समान वाटे ठरले होते व वर्षभर कोणी चकार शब्द काढला नव्हता. परंतु अकरा महिन्यांचा करार संपून तो नवा करण्याची वेळ आली, आणि तिघांनी एकमेकांशी बोलणे सोडले. "दादा, तू एकदा जाऊन ये. तिथे वडीलधारे असे कोणी नाही," असे बहीण म्हणाली. निघताना मी पिशवीत माझ्या वडिलांची एक जुनी जमाखर्चाची वही घातली. तिचे कारण पुढे येईल.

१९३० सालापासून पुणेकरांस मुंबईस नेऊन सोडणाऱ्या दख्खनच्या राणीने मलाही बोरीबंदरावर (आता त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणून सोडले. तेथे माझे एक गोमंतकीय स्नेही उभे होते. यांचे सारे आयुष्य जहाजावरील नोकरीत गेले. येण्याचे प्रयोजन त्यांना आधीच कळविले होते. ते म्हणाले, "भाड्याचे भांडण मिटवायला निघाला आहात, तर अगोदर आमची कूड पाहा." स्टेशनापासून धोबीतलाव हाकेच्या अंतरावर. तेथील जेर महालाच्या लाकडी जिन्याने आम्ही वर चढलो.

'कूड' म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली भाड्याची जागा. गोमंतक १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. जहाजावर, स्वयंपाकघरात किंवा वाद्यवृंदात काम शोधणारा तेथील ख्रिस्ती तरुण एकोणिसाव्या शतकापासून मुंबईची वाट धरीत आला. जहाज मिळेपर्यंत महिना जाईल की तीन महिने, याचा नेम नाही. एकट्याने बिऱ्हाड करणे अशक्य. म्हणून गावाने बिऱ्हाड केले. आम्ही पाहिली ती कूड म्हणजे एक लांबट दालन होते. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. कडेने ओळीने पेट्या मांडलेल्या, ज्याची त्याची पेटी हीच ज्याची त्याची मालमत्ता. समोर वेदी. सायंकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा, रात्री चटई पसरावयाची. स्त्रियांस प्रवेश नाही. वर्गणी लहान आणि सर्वांस सारखी.

मी आपल्या पुणेरी स्वभावानुसार विचारले, "खिडकीजवळची ही जागा कोणाची?"

व्यवस्था पाहणारे गृहस्थ हसले. "जो आज तिथे आहे त्याची. त्याचे जहाज लागले की दुसऱ्याची."

या उत्तराने मी निरुत्तर झालो. जेथे कोणाचीच जागा कायमची नाही, तेथे समान वाटा अन्यायाचा होत नाही. आज दाराशी निजलेला उद्या खिडकीशी निजतो. शिवाय ज्याला जहाज मिळालेले नाही, त्याच्या वर्गणीचा तगादा लावीत नाहीत. पगार झाला की तो आपण होऊन भरतो, कारण न भरला तर ती वार्ता त्याच्या आधी गावी पोहोचते. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. शहराच्या ऐन मध्यावर अशी जागा इतक्या वर्षांनंतरही परवडते, ती केवळ गावकीच्या प्रेमाने नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली, आणि १९९९ च्या नव्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंना बव्हंशी सांभाळून घेतले. तेव्हा कुडीतल्या समानतेचा एक वाटा कित्येक वर्षे घरमालकच भरीत आला आहे. त्याला मात्र तो वाटा मान्य आहे की नाही, हे कोणी विचारले नाही.

स्नेह्यांचा निरोप घेऊन मी पायीच गिरगावाकडे वळलो. ठाकुरद्वाराच्या अलीकडे एका गल्लीत ती चाळ अजून उभी आहे, टेकू दिलेली, पण उभी. हिच्या दुसऱ्या मजल्यावर माझे वडील व त्यांचे थोरले बंधू १९४७ ते १९५२ पर्यंत राहत होते. सोबत रत्नागिरीकडचेच दोघे, एक शाळामास्तर व एक बँकेतील कारकून. आतबाहेर दोन खोल्या, पुढे सर्वांच्या मालकीचा सज्जा, टोकाला मजल्याचे शौचकूप. भाडे महिना अठरा रुपये. वहीत दर महिन्याला चार नावांपुढे चार वेळा तोच आकडा येतो: ४ रुपये ८ आणे.

परंतु माझे वडील सर्वांत धाकटे आणि सर्वांत शेवटी आलेले. बाहेरच्या खोलीत काका व मास्तर, आतल्या खोलीत चुलीच्या कडेला कारकून. वडिलांचा बिछाना बाहेर सज्जात. उन्हाळ्यात हे भाग्यच होते. पावसाळ्यात मात्र झड आत येऊ लागली की ते वळकटी गुंडाळीत, भिंतीशी टेकून बसत आणि उजाडण्याची वाट पाहत. पैसे ४ रुपये ८ आणे.

१९४९ च्या जुलैच्या पानावर हा आकडा खोडलेला आहे. वडिलांच्या नावापुढे ३ रुपये, उरलेल्या तिघांपुढे पाच-पाच. अक्षर वडिलांचे नव्हे आणि काकांचेही नव्हे, मास्तरांचे. वडील सांगत की, एके रात्री दोन वाजता मास्तर पाणी प्यावयास उठले, दार किलकिले दिसले म्हणून बाहेर आले, आणि मांडीवर वळकटी घेऊन बसलेला हा मुलगा त्यांनी पाहिला. ते काही बोलले नाहीत. सकाळी वही मागून घेतली व आकडे बदलले. यावर काकांनी मास्तरांशी आठ दिवस अबोला धरला. आपल्या सख्ख्या भावाची काळजी परक्याने करावी, हा त्यांना अपमान वाटला. काका वाईट नव्हते; वडिलांच्या शिक्षणाचा सगळा खर्च त्यांनीच केला. परंतु एकत्र कुटुंबात वाढलेल्या त्या दोघा भावांत धाकट्याने मागणे हा उद्धटपणा होता, आणि थोरल्याच्या दृष्टीस ते पडतच नव्हते. वडिलांनी पाच वर्षांत भाड्याविषयी काकांकडे एकदाही शब्द काढला नाही. काका गेले त्या दिवशी मात्र त्यांनी ही वही माळ्यावरून काढवून घेतली, जुलैचे ते पान बराच वेळ पाहिले, आणि पुन्हा ठेवून दिली.

असो. गिरगावातून बसने लालबागेस गेलो, तेथे एक जुने परिचित भेटावयाचे होते. गिरणगावात सातारा, कोल्हापूर व कोकण येथील कामगारांच्या अशाच गावोगावच्या खोल्या असत. तेथे जागेपेक्षा वेळेची वाटणी अधिक. गिरणीच्या तीन पाळ्या. एक पाळी कामावर, तेव्हा दुसरी त्याच चटयांवर झोपलेली. जेवण खाणावळवाल्या बाईंकडे. यांपैकी कित्येक बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याच राहिल्या नाहीत आणि बहुतेक खोल्याही मिटल्या. ज्या चिमण्यांच्या धुरावर हा भाग जगला, तेथे आता काचेचे मनोरे आहेत. गोरेगावचा आमचा भाचा अशाच एका मनोऱ्यात नोकरीस आहे.

सायंकाळी मी त्याच्या घरी पोहोचलो. एकोणिसावा मजला. मोठ्या खोलीला स्वतंत्र स्नानगृह व बाहेर आरेची हिरवळ दाखविणारा सज्जा, ती नागपूरकराकडे. लहान खोली भाच्याकडे. दिवाणखान्यात एका कोपऱ्यात घडीची खाट, तिच्यापुढे पडदा; तेथे सांगलीकर. घरात शिरताना, घरातून निघताना, दूध तापविताना, दूरदर्शनाचा संच लावताना जो तो या मुलाच्या झोपेवरून चालत जातो. आणि पैसे तेच, वीस हजार. मला एकदम तो सज्जा आठवला.

तंटा मात्र त्याने उपस्थित केला नव्हता. तो नागपूरकर व भाचा यांच्यात होता. भाच्याचे म्हणणे, मोठ्या खोलीचे भाडे जास्त असावे. नागपूरकराचे म्हणणे, अनामत रकमेचा मोठा भाग मी भरला आहे. क्षेत्रफळाने वाटावे म्हणून दोघांनी फीत घेऊन घर मोजले, तो दिवाणखानाच सर्वांत मोठा निघाला! फुटांच्या हिशेबाने सर्वांत अधिक भाडे त्याच्यावर पडावे, ज्याला दारच नाही. मिळकतीच्या प्रमाणात वाटावे, ही माझ्या बहिणीची सूचना. घराघरांत चालत आलेली ती रीत आहे व मला ती प्रिय आहे. पण जेथे आजारपण, लग्नकार्य आणि म्हातारपण एकाच चुलीवर शिजते तेथे ती शोभते. अकरा महिन्यांच्या सोबत्याकडे पगाराचा आकडा मागणे म्हणजे हक्क नसताना थोरलेपणा घेणे होय.

आमच्या आजोबांच्या वेळी कलमांच्या बागेची वाटणी झाली, तेव्हा थोरल्याने वाटे पाडले आणि धाकट्याने आधी उचलले. वाटे पाडणाऱ्याचा हात त्यामुळे आपोआप सरळ राहतो. हे मी सांगितले तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तिघांसाठीही याचे गणित आहे." फ्रान्सिस सू नामक अमेरिकन गणितज्ञाने १९९९ साली एका लेखात सिद्ध केले आहे म्हणे की, काही साध्या अटी पाळल्या तर भाडे असे विभागता येतेच की, प्रत्येकाला त्या-त्या भावात आपलीच खोली बरी वाटावी. त्याचा पाया स्पर्नर नावाच्या जर्मन गणितज्ञाचा १९२८ चा एक सिद्धांत. आम्ही मात्र चिठ्ठ्यांची सोपी रीत धरली. प्रत्येकाने तीन जागांचे आपल्या मनातील मोल लिहावे. बेरीज ६०,००० यावी.

नागपूरकराने लिहिले: मोठी ३०, लहान १८, दिवाणखाना १२ हजार. भाच्याने २७, १९ व १४. सांगलीकराने तिन्हींपुढे वीस-वीस लिहून चिठ्ठी पालथी ठेवली. मी ती परत केली आणि काही न बोलता वडिलांच्या वहीतील १९४९ चा जून व जुलै त्याच्यापुढे उघडून ठेवला. त्याने दोन्ही पाने वाचली. कोणाचे कोण, हे विचारले. मी सज्जाचे सांगितले, मास्तरांचेही सांगितले. मग त्याने दुसरी चिठ्ठी लिहिली: २२, २० व १८.

मांडणी करून पाहिली. ज्याने मोठ्या खोलीचे मोल सर्वांत अधिक लिहिले त्याला ती, भाच्याला लहान, सांगलीकराला दिवाणखाना, म्हणजे राहत होते तसेच. भाडे मात्र २८, १८ व १४ हजार. नागपूरकराने ३० लिहिले होते, द्यावयाचे २८. भाच्याने १९, द्यावयाचे १८. सांगलीकराने १८, द्यावयाचे १४. या भावात अदलाबदल करावयाची का, म्हणून प्रत्येकास विचारले. प्रत्येकाने चिठ्ठी पाहिली व नको म्हटले. नागपूरकराचा चेहरा उतरला होता, पण आकडा त्याच्याच हातचा असल्यामुळे राग कोणावर करावा हे त्यास उमगेना. आकडे यापेक्षा थोडे इकडेतिकडे झाले असते तरी चालले असते, असेही भाच्याने दाखविले.

मला या रीतीचा एक दोष दिसतो. चिठ्ठी लिहिताना माणूस नुसते मन पाहत नाही, खिसाही पाहतो. ज्याला घरी पैसे धाडावयाचे आहेत त्याला पडद्यामागचा कोपराही पुरेसा वाटू लागतो. म्हणून मी सांगलीकरास बाजूला घेऊन विचारले, "दिवाणखान्याचे तुम्ही खरोखरच अठरा धरता?"

तो म्हणाला, "मामा, खोलीचे मला काही नाही. अकरानंतर दिवा बंद झाला तर बरे होईल. सकाळी सहाची गाडी असते."

वर्षभरात हे त्याने कोणास सांगितले नव्हते. सांगावयाचे कोणाला? दोघेही मित्र!

कराराच्या नोंदणीत हे कलम बसणारे नव्हते, म्हणून साध्या कागदावर तिन्ही आकडे, त्याखाली 'रात्री ११ नंतर दिवाणखान्यात दिवा नाही', आणि त्याखाली 'कोणी सोडून गेल्यास चिठ्ठ्या पुन्हा' असे लिहून तो शीतकपाटावर चिकटविला. त्यावर तिघांनी सह्या केल्या. मी साक्षीदार.

त्या रात्री मी दिवाणखान्यातच गादी घालून निजलो. बाहेर पाऊस होता. अकरा वाजता दिवा गेला. बाराच्या सुमारास मोठ्या खोलीचे दार उघडले. नागपूरकर पाणी प्यावयास निघाला होता. अंधारात त्याचा पाय मेजाच्या कोपऱ्यावर आपटला. तो कळवळून क्षणभर उभा राहिला, दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला, आणि चाचपडत स्वयंपाकघराकडे गेला. पडद्यामागे घोरणे चालूच होते.