एसीची ताटी

एसी नावाच्या यंत्रात दोन भाऊ असतात, ही गोष्ट यंत्र घरात येईपर्यंत कुणी सांगत नाही. एक आतला आणि एक बाहेरचा. आतला गोरापान, सडपातळ, भिंतीवर उंच जागी बसलेला. आवाज कसा, तर देवघरात कुणी मनातल्या मनात पोथी वाचावी तसा. 'काय छान गार वाटतं हो!' असं पाहुणे त्याच्याकडे बघून म्हणतात. बाहेरचा धिप्पाड, पत्र्याच्या अंगाचा, उन्हापावसात लोखंडी स्टँडवर बसून दिवसभर घरघरणारा. खरी मेहनत त्याची. पंगतीत वाढणारा पितांबर नेसून मिरवतो आणि मागच्या अंगणात चुलाणापुढे आचारी घामाघूम होतो, त्यातलाच हा प्रकार. आणि आचाऱ्यानं पंगतीसमोर यायचं नाही, हा आपला जुना रिवाज. त्यामुळे बाहेरच्याला झाकायचा कसा, हा प्रश्न एसी घेणाऱ्या घरात दुसऱ्या दिवशी उभा राहतो. पहिला दिवस पेढे वाटण्यात जातो.

आमच्याकडे तो जरा जास्तच उभा राहिला. आमचं घर त्र्यंबकेश्वरला, कुशावर्ताजवळच्या एका गल्लीत. घर जुनं, लाकडी खांबांचं, पुढे गॅलरी, आणि गल्लीची रुंदी मोजून आठ फूट. समोरच्या घरात फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागतो.

आता तुम्ही म्हणाल, त्र्यंबकला एसी कशाला? डोक्यावर ब्रह्मगिरी, वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि नानासाहेब पेशव्यांनी काळ्या पाषाणात देऊळ बांधायला घेतलं तेव्हापासून गारवा कमी पडल्याची तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मीही हेच म्हटलं. पण आमचे चिरंजीव माडीवरची खोली यात्रेकरूंना देतात. नारायण-नागबळीचा विधी तीन दिवसांचा, तेवढे दिवस लोक मुक्कामाला असतात. चिरंजीव म्हणाले, "बाबा, २०१५ च्या सिंहस्थात लोकांनी पंख्यावर भागवलं. २०२७ ला कुणी भागवणार नाही. आता फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, एसी आहे का, हा असतो." मी निवृत्त मास्तर. निवृत्त माणसाचं मत घरात विचारतात आणि वहीत लिहून ठेवतात.

यंत्र दीड टनाचं आहे म्हटल्यावर आमची आत्या खांबाला हात लावून उभी राहिली. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. म्हणाली, "अरे, या तुळया माझ्या आजोबांच्या वेळच्या. दीड टन पेलायच्या का?" तिला समजावून सांगावं लागलं की हे वजन यंत्राचं नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उपसायची ताकद म्हणजे एक टन. आत्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि उपसून टाकायची कुठं?"

मास्तरकीच्या पस्तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. कारण एसी गारवा तयार करतच नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, आणि वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही त्यात घालतो. आमच्या बाबतीत 'बाहेर' म्हणजे आठ फुटांवर अण्णांची गॅलरी.

अण्णा आणि मी चाळीस वर्षं गॅलरीतून गॅलरीत बोललो. क्रिकेट, नगरपालिका, पेन्शन, सगळं गल्लीच्या वरून. खालून जाणाऱ्यांना वाटे आकाशवाणी चालू आहे. तीन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं, एक कूस गेली, नजर मात्र पूर्वीसारखीच तल्लख. त्यांची खाट वहिनींनी गॅलरीतच टाकली. तिथून ते ब्रह्मगिरीचा दिसतो तेवढा तुकडा बघतात, गल्ली बघतात आणि मला बघतात. मी सकाळी पेपर मोठ्यानं वाचतो. घरच्यांना वाटतं, मला ऐकू कमी येतं.

एसीवाल्यानं दुसरीकडे जागाच नाही म्हणून बाहेरचा भाऊ आमच्या गॅलरीच्या टोकाला बसवला. चैत्र सरत आला होता. बटण दाबलं आणि भट्टीचं दार उघडावं तसा झोत समोरच्या खाटेवर गेला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी खाट फक्त हातभर आत ओढली. गल्लीतल्या भांडणाला उत्तर देता येतं हो, आत ओढलेल्या खाटेला काय उत्तर देणार? खाट आत गेली आणि अण्णांचा ब्रह्मगिरी गेला.

घरच्यांना ताटी हवी होती ती घराची शोभा जाते म्हणून. मला हवी होती ती या खाटेसाठी. एकमत झालं, कारणं वेगळी असली की एकमत लवकर होतं.

तसं बघितलं तर आमच्या गावाला आडोशाची परंपरा जुनी. गौतम ऋषींनी आणलेली गंगा ब्रह्मगिरीवर क्षणात प्रकट व्हायची, क्षणात गुप्त व्हायची. शेवटी ऋषींनी कुश म्हणजे दर्भ टाकून तिला अडवली, म्हणून ते कुशावर्त, अशी कथा. गवताच्या काड्यांनी नदी अडवणाऱ्यांचं हे गाव. पुढच्या लोकांनी सिमेंट वापरलं. गावातून जाणाऱ्या गोदावरीवर काँक्रीट घातल्याचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. आणि निवृत्तिनाथांची समाधी इथेच. त्यांच्या धाकट्या भावानं लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी लावून घेतली, आणि सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईनं बाहेर उभं राहून त्याची समजूत काढली. ते ताटीचे अभंग आत्याला सगळे पाठ. तिच्या दृष्टीनं ताटी ही उघडण्यासाठीच असते, लावायची ती तेवढ्यापुरती. शिवाय साहेबाच्या राज्यात उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत आणि खोल्या गार करत. म्हणजे पूर्वी ताटी लावली की गारवा यायचा. आता गारवा आणला की ताटी लावावी लागते.

ताटी कशाची, यावर वैशाख गेला. चिरंजीवांना प्लास्टिकचं हिरवं गवत लावायचं होतं. ते बघून कुशावर्ताजवळची गाय गल्लीत मुक्कामाला येईल, असं सूनबाई म्हणाल्या. सुताराला सागवानी पेटी करायची होती, वर महिरप. पेटी म्हटल्यावर एसीवाल्यानं हात जोडले. हा भाऊ मागून आणि बाजूनं हवा ओढतो आणि पुढून फेकतो. तोंडासमोर भिंत आली की फेकलेली गरम हवा उलटून त्याच्याच नाकात जाते, तो अधिक तापतो, अधिक वीज खातो आणि शेवटी दम लागून बंद पडतो. मागे वीतभर जागा हवी आणि पुढे शक्य तितकी मोकळीक.

शेवटी बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या, पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं यंत्राभोवती एक फेरी मारली, झोतापुढे हात धरला आणि म्हणाला, "हे कोंबडीवानी हाये. डालगं घट्ट इणलं तर आत मरंल." एसीवाल्याला जे सांगायला अर्धा तास लागला होता, ते याचं एका वाक्यात झालं. त्यानं बांबूच्या कामट्या काढल्या आणि यंत्रापासून दीड हात पुढे, दोन दोन बोटांच्या फटी ठेवून, वरच्या अंगाला तिरप्या बसवल्या. झोत कामट्यांवरून वर वळून अण्णांच्या कौलांवरून निघून जाऊ लागला. तिरप्या फटींतून पाऊस आत येईल, असं सुतार म्हणाला. पण बाहेरचा भाऊ पावसात उभं राहण्यासाठीच जन्मलेला असतो.

ताटी लागेपर्यंत आषाढ उजाडला होता. मधल्या काळात मृगाचा पाऊस येऊन स्थिरावलाही होता. ताटी सुरेख दिसत होती. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. वहिनींनी खाट पुन्हा पुढे आणली आणि मी पेपर वाचायला बसलो. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

श्रावणात एके दुपारी वहिनी आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "भाऊजी, राग मानू नका. ती ताटी पावसापुरती जरा बाजूला होईल का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "वहिनी, अहो, तुमच्यासाठीच तर..."

"ते कळलं हो मला. पण यांना दिवसाला तीन चादरी लागतात. मृगात तुमचा वारा थेट यायचा, तर दोन तासांत खडखडीत वाळायच्या. आता दोन-दोन दिवस दमट राहतात. शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवते, पण किती वाळवणार? ओल्या चादरीवर ठेवलं की ते नुसते माझ्याकडे बघतात."

त्र्यंबकचा पावसाळा ज्यानं काढला नाही त्याला हे कळायचं नाही. इथे श्रावणात कपडे वाळत नाहीत, फक्त वास बदलतात. आणि गंमत बघा, या यंत्राचा जन्मच ओल मारण्यासाठी झालेला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसेना, म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरनं ही युक्ती काढली. माणसांना गार करणं हे मागाहून सुचलेलं. म्हणजे वहिनी यंत्राकडे मागत होत्या ते त्याच्या घराण्यातलंच काम.

दुसऱ्या दिवशी सुतारानं ताटीला एका बाजूला पितळी बिजागऱ्या आणि दुसऱ्या बाजूला कडी लावली. उन्हाळ्यात बंद, पावसात उघडी. टोपलीवाला म्हातारा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "दार पायजे व्हतं तर आधी बोलायचं ना." उघड्या ताटीमागचा बाहेरचा भाऊ पुन्हा सगळ्या गल्लीला दिसू लागला आणि घराची शोभा पुन्हा गेली, पण त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. आत्या रोज सकाळी कडी काढते. काढताना तोंडात मुक्ताबाई असतेच.

राहता राहिला एक प्रश्न. झोत यायचा तर आत एसी चालू हवा. उत्तरेकडचे आणि मुंबईचे यात्रेकरू भर पावसातही अठरावर लावून झोपतात, त्यामुळे बहुतेक दिवस निभावतं. खोली रिकामी असली की मी वर जाऊन बटण दाबतो. चिरंजीव विजेचं बिल दिव्याजवळ नेऊन वाचतात, मग माझ्याकडे बघतात, मग समोरच्या दोरीकडे बघतात आणि बिल घडी घालून खिशात ठेवतात.

परवा सुरतेचे एक शेठजी उतरले होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला शाल गुंडाळून खाली आले. बाहेर पाऊस मी म्हणत होता. "काका," ते म्हणाले, "बहुत ठंड है यहाँ. एसी बंद कर दूँ?"

मी दारातून वर पाहिलं. समोरच्या गॅलरीत दोरीवर तीन चादरी हलत होत्या. दोन वाळल्या होत्या, तिसरीचा खालचा काठ अजून जड होता.

"राहू द्या, शेठजी," मी म्हटलं आणि आत्याच्या ट्रंकेतल्या दोन गोधड्या काढून त्यांच्या हातात दिल्या.