निपाणीच्या वाटेवरील वाटाड्या

परमुलखातील प्रवासाला निघालेल्या माणसाला पूर्वी दोन गोष्टींची तजवीज आधी करावी लागे : एक शिदोरीची आणि दुसरी वाटाड्याची. शिदोरीची जागा हमरस्त्यावरील खानावळींनी घेतली, आणि वाटाड्याचे काम मोटारीच्या काचेपाशी बसविलेल्या तळहाताएवढ्या यंत्राने पत्करले. आपल्या समाजातील जी कुटुंबे पिढ्यानपिढ्या बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थायिक आहेत, ती कुलदैवतासाठी म्हणून बेळगाव-निपाणीकडे येतात, तेव्हा बहुधा याच वाटाड्याच्या भरवशावर येतात. म्हणून या मुलखाचे आणि या यंत्राचे वर्णन एकत्रच करावे, असे मनात आले.

बेळगावाहून उत्तरेस निघाले की प्रथम काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे जन्मगाव. पुढे वंटमुरीचा घाट, मग हत्तरगी, आणि संकेश्वरापाशी हिरण्यकेशीचे पात्र. जैनांच्या स्तवनिधी क्षेत्राजवळचा घाट उतरला की तंबाखूच्या व्यापाराने नावारूपास आलेली निपाणी दृष्टीस पडते. निपाणीच्या पुढे यमगर्णीला वेदगंगा, आणि कोगनोळीनंतर राज्याची सीमा. भोज गावी दूधगंगा व वेदगंगा यांचा संगम आहे. जमीन काळीभोर, माणसे दोन भाषांत सारख्याच सहजतेने भांडणारी आणि दोन्हींत तितक्याच आपुलकीने जेवायला बसविणारी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा टापू मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. रेषा कागदावर ओढली गेली, पण शेते, सोयरीक आणि बाजार यांना ती पूर्णपणे कधीच उमगली नाही. निपाणीचे देवचंद महाविद्यालय शहराला लागूनच असले, तरी त्याचे अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात मोडते. गाव एका राज्यात आणि गावचे महाविद्यालय दुसऱ्यात, हे ऐकून नवखा मनुष्य चकित होतो, तेथे बिचाऱ्या यंत्राचा काय पाड!

यंत्राची पहिली अडचण नावांची. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मुंबई-चेन्नई रस्त्याचा जुना क्रमांक चार २०१० च्या नव्या क्रमरचनेत बदलला आणि आपल्या बाजूच्या भागाला अठ्ठेचाळीस हा आकडा मिळाला. कार्डावरील नकाशा त्यापूर्वीचा असेल, तर नव्या नावाने हाक मारल्यास वाटाड्या ओ देत नाही. चिकोडी की चिक्कोडी, निपाणी की निप्पाणी, असा लिपीबदलाचा घोळ तर नित्याचाच. यावर उपाय एकच : महत्त्वाचे ठिकाण एकदा प्रत्यक्ष तेथे उभे राहून यंत्रात नोंदवावे आणि त्याला आपल्या घरात चालणारे नाव द्यावे.

मात्र अशी नोंद केली की तिच्या रक्षणाची जबाबदारी आपल्यावर येते. बडोद्याचे एक स्नेही २०२३ च्या दिवाळीनंतर वृद्ध वडिलांना घेऊन वेदगंगेकाठच्या आपल्या मूळ गावी आले होते. वाड्याचे जोते, बुजलेली विहीर, पणजोबांची समाधी ही सारी ठिकाणे त्या वृद्ध गृहस्थांनी काठी टेकीत टेकीत दाखविली, आणि चिरंजिवांनी चाललेली पायवाट यंत्रात जशीच्या तशी उतरवून घेतली. पुढल्या वर्षी वडील निवर्तले. समाधीची जागा ठाऊक असलेले दुसरे कोणी गावात उरले नव्हते. त्यानंतर स्नेह्यांनी घरच्या संगणकावर पाहिले, तर त्या दिवसाची नोंद नाही. आणि मूळ कार्ड संगणकात घातले, तर तो म्हणे, कार्ड वाचता येत नाही, पुसून नवे करू का? ते पुढच्या खेपेस यंत्र घेऊनच माझ्याकडे आले. “गुरुजी, वडिलांचा हात धरून चाललेली ती वाट गेली हो,” एवढेच म्हणाले.

अशा प्रसंगी पहिला नियम हा, की संगणकाच्या त्या प्रश्नाला कदापि होकार देऊ नये. दुसरा नियम, कार्डाला दोष देण्यापूर्वी मधल्या माणसांची चौकशी करावी. यंत्राच्या काही केबली केवळ वीज पोहोचवितात, माहिती नेत नाहीत. कार्डाच्या कडेची बारीक खिटी ‘बंद’ बाजूस सरकलेली असेल, तर त्यावर नवे काही लिहिता येत नाही. पितळी दिसणाऱ्या पट्ट्यांवर धूळ अथवा घाम बसला असेल, तर कोरड्या मऊ कापडाने पुसावे. आणि जुने कार्ड-रीडर दोन जीबीपर्यंतचीच कार्डे ओळखतात. त्याहून मोठे कार्ड त्यांना निकामी वाटते. स्नेह्यांच्या बाबतीत हेच घडले होते. नवा रीडर लावताच कार्ड उघडले.

तरी नोंद न सापडण्याचे कोडे उरलेच. उपग्रह जी वेळ कळवितात, तीत आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंत जाते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. अशी फेरी ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पूर्ण झाली. ज्या जुन्या यंत्रांत सुधारणा झालेली नव्हती, त्यांपैकी काहींची पंचांगे तेव्हापासून सुमारे साडेएकोणीस वर्षे मागे पडली. रस्ता अचूक, पण तारीख चुकीची! त्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरातील ती पायवाट कार्डावर २००४ च्या एप्रिलातील म्हणून पडली होती. आणि घरच्या संगणकावरील व्यवस्था केवळ नव्या तारखेच्या फाइलींची नक्कल करीत असल्याने तिला ओलांडून पुढे गेली होती. यादीच्या तळाशी ती फाइल निमूटपणे बसलेली आढळली. स्नेह्यांनी ती पडद्यावर उघडली. वडील जेथे दम घेण्यास थांबले होते, तेथे रेघेचा छोटासा गुंता झाला होता. तो पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

यावरून घ्यायचा बोध असा. कार्डाची नक्कल करताना निवडानिवड करू नये. लपविलेल्या फाइलींसह सारे कार्ड उचलावे, आणि मग दोन्हीकडील फाइलींची संख्या व आकार ताडून पाहावा. आवडीची ठिकाणे पुष्कळ यंत्रांत कार्डावर नसून आतल्या स्मृतीत असतात, म्हणून तिचीही नक्कल घ्यावी. नवे कार्ड यंत्राला पेलेल एवढ्याच क्षमतेचे असावे. जुन्या यंत्रांना बहुधा फॅट-३२ पद्धतीने तयार केलेले चालते. फोल्डर मूळ जागीच ठेवावेत, एकात दुसरा कोंबू नये. ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना पाळल्याविना कार्ड उपसू नये. विकत घेतलेला नकाशा पुष्कळदा त्या यंत्राशी किंवा त्या कार्डाशी बांधलेला असतो आणि नकलेवर चालत नाही. पण नकाशा पुन्हा विकत मिळतो. वडिलांनी दाखविलेली वाट विकत मिळत नाही, म्हणून स्वतःच्या नोंदी जीपीएक्स स्वरूपात वेगळ्या काढून ठेवाव्यात. ते स्वरूप अन्य यंत्रांना व संगणकांनाही वाचता येते.

आपल्या पूर्वजांना ही दूरदृष्टी होती. मोडी कागद रुमालात बांधून ठेवीत, आणि महत्त्वाच्या सनदेच्या नकला काढून त्या जपून ठेवीत. आपणही एक नक्कल घरी, एक परगावी नातलगाकडे आणि एक कागदावर ठेवावी. कागदावर अक्षांश-रेखांश लिहिताना दशांशाचे पाच अंक घ्यावेत. तेवढ्याने जागा सुमारे एका मीटरच्या अंतरात येते. अंश-कला आणि दशांश यांची मात्र गल्लत नको. निपाणीचे अक्षांश १६ अंश २४ कला, म्हणजे दशांशात १६.४० होतात. ते कोणी १६.२४ असे लिहिले, तर मनुष्य निपाणीच्या दक्षिणेस सुमारे १८ किलोमीटरवर जाऊन उभा राहील!

आणि वाटाड्या कितीही शहाणा असो, नदीपुढे त्याचे काही चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेला महापूर आला, तेव्हा यमगर्णीपाशी हा महामार्गच बंद पडला होता. कार्डावरील नकाशात रस्ता सलग दिसत होता, प्रत्यक्षात त्यावरून पाणी वाहत होते. अशा वेळी मोटार थांबवावी, काच खाली करावी आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला “मामा, वाट कुठली?” असे विचारावे. तो वाट तर सांगतोच. शिवाय तुमचे आडनाव विचारून तुमच्या आजोबांची ओळखही काढतो. त्याने दाखविलेली जागा मात्र त्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावी. त्या माहितीची दुसरी नक्कल कोठेही नसते.