लिलावातील घंगाळ

वडिलार्जित वाड्याची वाटणी झाली आणि जळगावास आमच्याच घरच्या जुन्या भांड्यांचा लिलाव पुकारला गेला. आजीचे तांब्याचे घंगाळ आम्हांस हवे होते. परंतु एका व्यापाऱ्याने बोली चढविली, आमचा खिसा अडखळला आणि ‘तीन वार’ होऊन घंगाळ गेले. आपलीच वस्तू मोल देऊन मागावी आणि तीही मिळू नये, याची लाज वाटली.

शेवटी मोडी कागदांचे दप्तर निघाले. त्यावर कोणी बोलीच केली नाही. रद्दीच्या भावाने ते आमच्या पदरी पडले.

२०२५ साली लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून आणली, तेव्हा आम्हांसही आनंद झाला होता. परंतु त्या दिवशी आठवले ते इतिहासाचार्य राजवाडे. ज्यांस गिऱ्हाईक नव्हते अशी दप्तरे त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केली आणि १९२६ साली धुळ्यास देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच आहे.

आम्हांस मोडी वाचता येत नाही. दप्तर घेऊन धुळ्यास जावयाचे ठरविले आहे. कोण जाणे, त्यात घंगाळाच्या खरेदीची टीपही असेल!