शिडाच्या बोटीवरचा अबोला

अबोला धरायला घर मोठं लागतं. निदान दोन खोल्या, एक गॅलरी आणि मधल्यामध्ये निरोप पोचवणारी एक बायको, एवढी सामग्री नसेल तर अबोला दोन दिवसांच्या वर टिकत नाही. माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा अबोला दोन वर्षं टिकला, कारण मी डोंबिवलीत आणि तो जर्मनीत. जागाच जागा! निमित्त नेहमीचंच. कोकणातलं वडिलोपार्जित घर, सात कलमं आणि एक विहीर. तो म्हणे विकू या, मी म्हणे ठेवू या. मग तो काहीच म्हणेना आणि मीही.

पण आमच्या घरच्या दोघी जावांचं दर रविवारी फोनवर तासभर चाले. या बैठकीतच असा ठराव पास झाला की 2019 च्या सप्टेंबरात चौघांनी मिळून आठवडाभर शिडाच्या बोटीतून ग्रीसची बेटं हिंडायची. मला कळलं ते मुदत ठेव मोडायच्या अर्जावर सही करताना. मुदतीपूर्वी ठेव मोडली तर व्याज कापलं जातं, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावतो आहे. आमच्या हिला ते काही पटलं नाही.

समुद्राशी माझा संबंध म्हणजे गुहागरच्या वाळूत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभं राहणं. बी.कॉम.ला एक सागरी विमा होता, पण त्यात बोट बुडाल्यानंतर काय करायचं तेवढंच होतं. बोट चालवायचा परवाना धाकट्याकडे होता. त्याची बायकोही शिकलेली. आम्ही दोघं म्हणजे कागदोपत्री खलाशी.

अथेन्सजवळच्या धक्क्यावर अडतीस फुटी बोट पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. अडतीस फूट ऐकायला बरं वाटतं हो, पण त्यात नाक निमुळतं, मध्ये डोलकाठी, आणि खालच्या खोलीत उभं राहून शर्ट घालायचा तर एक हात शेजाऱ्याच्या तोंडात. संडासाला हातपंप. साऱ्या बोटीला पाण्याची टाकी एकच. तिथं मात्र आमच्या हिनं सगळ्यांना मागं टाकलं. एका तांब्यात अंघोळ आणि उरलेल्या पाण्यात रुमाल, ही कला डोंबिवलीकराला जर्मनीत जाऊन शिकावी लागत नाही.

आता शिडाच्या बोटीचं एक शास्त्र आहे. वारा समोरून आला तर तिला सरळ जाता येत नाही. वाऱ्याला तिरकं ठेवून आधी डावीकडे, मग उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढावी लागते. प्रत्येक वळणाला शिडाचा एक दोर सोडायचा, दुसऱ्या बाजूचा ओढायचा, आणि त्याच क्षणी शिडाखालची आडवी काठी या अंगावरून त्या अंगावर येते. ती कोणाला विचारून येत नाही. दोन वर्षांनंतर माझा सख्खा भाऊ माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलला, ते असं : ‘‘दादा, डोकं!’’

मी वाकलो. काठी टाळूवरून गेली. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘आधी सांगता येत नाही?’’

झालं. त्यानंतर दिवसभर ‘‘दादा, सोड’’, ‘‘दादा, ओढ’’, ‘‘किती ओढू?’’, ‘‘अजून!’’ हे चालूच राहिलं. समोरचा वारा अबोला पाळत नाही.

पहिलं बेट ईजायना. तिथले पिस्ते प्रसिद्ध आहेत, पण मला जास्त आदर वाटला तो तिथल्या कासवाबद्दल. अडीच हजार वर्षांपूर्वी या एवढ्याशा बेटानं चांदीची नाणी पाडली आणि त्यांवर कासव उमटवलं. युरोपातल्या अगदी पहिल्या नाण्यांत त्यांची गणना होते. बँकेतल्या माणसानं कामाच्या गतीचं हे चिन्ह पाहून हात जोडले नाहीत तर कोणी जोडायचे?

पुढच्या बेटावर, पोरोसला, खाणावळवाल्याला मी बँकेत आहे हे कळलं आणि त्यानं कपाळाला हात लावला. 2015 साली तिथल्या बँका बंद झाल्या, तेव्हा यंत्रातून दिवसाला 60 युरो मिळत. पैशांवरचे शेवटचे निर्बंध आम्ही पोचायच्या जेमतेम आठवडाभर आधी उठले होते. मी त्याला आमचा 2016 चा नोव्हेंबर सांगितला, पाचशे-हजाराच्या नोटांचा. तो रांगेत उभा होता, मी रांगेच्या टोकाला बसलो होतो. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी जिथं अडे तिथं धाकटा दुभाष्या होई. ‘‘दादा रोज रात्री अकराला घरी यायचा,’’ असं त्यानं सांगितलं तेव्हा मी जरा चमकलो. त्याला हे ठाऊक होतं तर!

हायड्रा बेटावर मोटारी नाहीत, ओझी गाढवं आणि खेचरं वाहतात. बंदर लहान, बोटी फार. प्रत्येकानं समोर नांगर टाकून बोटीची पाठ धक्क्याला बांधायची. साहजिकच एकाच्या साखळीवर दुसऱ्याची साखळी. सकाळी आमचा नांगर वर आला तो शेजाऱ्याची साखळी कडेवर घेऊनच. मी नाकावर पालथा पडून तिच्याखालून दोर ओवला, तो बोटीला बांधला, धाकट्यानं आमचा नांगर हळूच खाली सोडून मोकळा केला, मग मी दोर सोडला. चाळीस मिनिटं आम्ही एकमेकांवर ओरडत होतो. दोघी जावा चहा पीत होत्या.

बाहेर पडल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. शिडात वारा भरला. पुष्कळ वेळानं सुकाणूवरची नजर न काढता तो म्हणाला, ‘‘दादा, कौलं शाकारायला किती येईल?’’

मी आकडा सांगितला. आकडा मला पाठच होता.

‘‘निम्मे मी देतो,’’ तो म्हणाला. ‘‘विकायचं का नाही ते नंतर बघू. गळकं घर कशाला ठेवायचं?’’

ठरल्याप्रमाणे 2020 च्या मे महिन्यात काम व्हायचं होतं, पण तेव्हा सगळं जगच घरात बसलं. कौलं शाकारली 2022 मध्ये. घर विकायचं की ठेवायचं, ते अजून ठरलेलं नाही. आता तो दर रविवारी फोन करतो, आणि आम्ही त्यावरून कडाकडा भांडतो. जावांना मात्र त्यामुळे फोन मिळत नाही, आणि त्या दोघी, असं ऐकतो, पुन्हा एक बोट शोधताहेत.