एका ओट्याचे अंदाजपत्रक

‘घर पाहावे बांधून’ असे ज्याने म्हटले, त्याने बांधलेल्या घराचे स्वयंपाकघर पुन्हा पाडून पाहिलेले नसावे. नवे घर बांधताना माणूस निदान स्वप्नात असतो; जुने स्वयंपाकघर पाडताना तो पुरता जागा असतो आणि त्याला दोन्ही वेळा जेवायचेही असते.

आमचे स्वयंपाकघर आठ फूट बाय नऊ, म्हणजे ७२ चौरस फुटांचे. त्याच्यासाठी आम्ही अडीच लाख रुपये बाजूला काढले होते. पैसे निवृत्तीच्या पुंजीतले. त्यांत मागाहून भर पडण्याची सोय नव्हती. ठेकेदाराने फीत लावून मापे घेतली आणि दोन दिवसांनी कागद आणून दिला. तोडफोड व राडारोडा १८,०००; नळकाम आणि गळती रोखणे ३२,०००; विजेचे काम २०,०००; ओटा नि फरश्या ६२,०००; ट्रॉल्या आणि कपाटे १,३०,०००; चिमणी व सिंक ३४,०००. बेरीज २,९६,०००. ‘सेहेचाळीस हजारच वर जातात की!’ असे मी म्हणतो आहे, तोच कागदाच्या तळाशी शेकडा १८ जी.एस.टी. अंग चोरून उभा असलेला दिसला. त्याला आत घेताच आकडा झाला ३,४९,२८०!

अशा वेळी पुरुषाच्या मनात येते की, प्रत्येक रकमेला थोडी थोडी कात्री लावावी. मी तसे म्हणालोही. सौभाग्यवतीने कागद माझ्या हातून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाली, “अहो, भिंतीच्या आत जे जाणार, त्याला हात लावायचा नाही. भिंतीवर जे टांगायचे, ते पुढच्या दिवाळीलाही टांगता येते.”

एवढ्या एका वाक्यात सारे अर्थशास्त्र आले. नळ, वीज आणि ओलाव्याचा बंदोबस्त पुन्हा करायचा म्हणजे फरश्या पुन्हा फोडायच्या. म्हणून ते आकडे तसेच राहिले. वरची कपाटे गेली. ओट्याखाली पाच ड्रॉवर आले आणि जुन्या सागवानी कपाटाला पॉलिश करायचे ठरले. १,३०,००० चे ४५,००० झाले. चिमणीऐवजी खिडकीत धूर ओढणारा पंखा आला. सिंक धरून १२,०००. नवी बेरीज १,८९,०००, तिच्यावर कर ३४,०२०, एकूण २,२३,०२०. हाती उरले २६,९८०.

“हे कुणाचे?” मी आशेने विचारले.

“भिंतीचे. ती उघडल्याशिवाय काय मागेल ते कळत नाही.”

आता राहिला ओटा. आमचा ओटा २९ इंच उंचीचा. १९८६ साली घर घेतले तेव्हा तो माझ्या आईच्या मापाने बांधला होता. आई चार फूट दहा इंचांची. सौ. १९९१ साली या घरात आली ती पाच फूट चार इंचांची. मधल्या वर्षांतल्या सगळ्या पोळ्या, सगळे सणवार तिने वाकून केले. डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा दाराच्या मागे लटकत असतो. ठेकेदार म्हणाला, “बाई, सगळीकडे ३२ इंचच करतो आम्ही.” ती म्हणाली, “सगळीकडे मी नाही ना उभी राहणार!” उभ्याने कामाचा ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली असावा, असा साधा हिशेब आहे. तिचे कोपर जमिनीपासून ३९ इंचांवर भरले. ओटा ३४ इंचांचा ठरला.

बाईच्या मापाने स्वयंपाकघर आखण्याचा विचार काही नवा नव्हे. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईने फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, तेही साडेसहा चौरस मीटरांचे, जवळजवळ आमच्याएवढेच. काम करणारीची पावले नि हालचाली मोजून तिने ते बसवले; बसून काम करायला फिरते स्टूलही दिले. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली.

जुना ओटा फोडण्याच्या दिवशी मात्र सौ. कडाप्प्यावर हात ठेवून थोडी थबकली. कोपऱ्यात आईच्या हाताने गुळगुळीत झालेली एक जागा होती. “ही फरशी अख्खी निघेल का?” तिने मिस्त्रीला विचारले. निघाली. खिडकीपाशी ती २९ इंचांवरच बसवली. कणीक मळायला अंगाचा भार द्यावा लागतो, तिथे खालची जागाच सोयीची. आणि नव्या दगडाचे तेवढे पैसेही वाचले. आईंचे माप राहिले आणि हिचेही साधले.

भिंतीने आपले मागितलेच. आतला लोखंडी नळ गंजून चाळण झाला होता. तो १९,४०० घेऊन गेला. त्या नोंदीशिवाय काम सुरू केले असते, तर अर्ध्या फरश्या लावून थांबावे लागते. उरलेले ७,५८० चिमणीच्या नावाने डब्यात आहेत.

यंदा चकल्या ताठ उभ्याने झाल्या. दाराच्या मागचा पट्टा अजून तिथेच आहे, पण चार दिवसांत तो कुणी काढला नाही. आणि खिडकीपाशी, आईच्या फरशीशी, स्टूल टाकून भाजी निवडायला आता मला बसवतात. अंदाजपत्रकात ही मजुरी कुठेच धरलेली नव्हती!